खटला कोण जिंकणार हे कळतं, मग शेअर का घेऊ नये?

प्रश्न : हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सतरा वर्षं डेटाबेसचं काम करतो. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, बदललं, तेव्हा आमच्याकडचे सर्व्हर व्हॅल्की या त्याच्या मोकळ्या आवृत्तीवर मीच हलवले. त्यामुळे ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना मोकळा) विरुद्ध मालकीचं सॉफ्टवेअर ही भांडणं मला आतून माहीत आहेत. मेव्हण्यांनी मला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे याच भांडणांवर अमेरिकन शेअर्सच्या टिपा येतात. ‘अमुक कंपनीने लायसन्स आवळलं, आता फुकट वापरणारे पैसे मोजणार, घ्या.’ ‘अमुक खटल्याचा निकाल पंधरा दिवसांत, भाव तिप्पट.’ सहा महिन्यांची फी २४,९९९ रुपये. मेव्हण्यांनी दीड लाख टाकले, त्यांच्या अ‍ॅपमध्ये आज २ लाख ८० हजार दिसतात. माझ्याकडे ८ लाख आहेत. मुलगी अकरावीत आहे, तिच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेत, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. विषय रोजच्या कामाचा आहे, मग टाकावेत का? शिवाय आमचा एक क्लायंट, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, महागडं मालकीचं सॉफ्टवेअर काढून पूर्ण ओपन सोर्सवर जातोय. बचत मोठी आहे आणि हे अजून जाहीर झालेलं नाही. त्याचा काही उपयोग करता येईल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

सप्रेम नमस्कार,

आठ लाख टाकू नका, आणि क्लायंटच्या शेअरला हातही लावू नका. कारणं पुढे देतो. पण आधी आज संध्याकाळी मेव्हण्यांकडे जाऊन या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट त्यांचे दीड लाख आहेत.

त्यांना अ‍ॅप दाखवायला सांगू नका. बँकेचं स्टेटमेंट मागा आणि दीड लाख ज्या दिवशी गेले ती ओळ शोधा. इथून अमेरिकन शेअर घ्यायला पैसा जातो तो रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या, एलआरएस योजनेतून. त्यासाठी बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो, ऑनलाइन पाठवला तरी. पॅन लागतो. शेअर्ससाठी कारणाचा कोड एस०००१ असतो. बँक रुपयांचे डॉलर करते, त्याचं शुल्क आणि जीएसटी कापते आणि मग रक्कम परदेशी ब्रोकरकडे जाते. स्टेटमेंटमध्ये आणि बँकेच्या मेलमध्ये याच्या खुणा राहतात. त्यातलं काहीच नसेल आणि पैसे यूपीआयने कुठल्या तरी ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’ नावाच्या चालू खात्यात गेले असतील, तर ते अमेरिकेत पोचलेलेच नाहीत. मग अ‍ॅपमधले २ लाख ८० हजार हा कुणीतरी पडद्यावर टाकलेला आकडा आहे.

अजून खात्री करायची असेल तर सगळी रक्कम काढायला लावा. पाच-दहा हजार काढून बघण्यात अर्थ नाही. विश्वास बसावा म्हणून तेवढे परत देतातच. पूर्ण रक्कम मागितल्यावर ‘आधी भांडवली नफ्यावरचा टॅक्स भरा’ किंवा ‘क्लिअरन्स फी भरा’ असं उत्तर आलं, तर एक रुपयाही पुढे देऊ नका. शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा कर आपण इथे, आपल्या विवरणपत्रासोबत भरतो. पैसे सोडण्याआधी कुठलाही खरा ब्रोकर तो मागत नाही. असं झालं तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, समोरच्या खात्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहून हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. ग्रुप सोडण्यापूर्वी त्यातले सगळे संदेश उतरवून घ्या. तक्रार झाल्याचं कळलं की ग्रुप पुसला जातो.

आणि मेव्हण्यांशी बोलताना ‘मी सांगितलं होतं’ हा सूर नको. बहुतेक जण दुसऱ्यांदा पैसे भरतात ते घरात कबूल करायची लाज वाटते म्हणून.

टिपा देणाऱ्याची पारख दोन मिनिटांत होते. शेअर्सबद्दल पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याला सेबीकडे नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. ग्रुपच्या माहितीत असा क्रमांक दिसला म्हणून समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून लावणारे पुष्कळ आहेत. सेबीच्या संकेतस्थळावर तो टाका, तिथलं नाव, पत्ता आणि फोन बघा, आणि फी ज्या खात्यात मागतात त्याचं नाव याच नावाशी जुळतं का ते पडताळा. नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून खास यूपीआय आयडी आले आहेत. त्यात अ‍ॅट चिन्हापुढे ‘व्हॅलिड’ आणि बँकेचं नाव येतं. ‘सेबी चेक’ या सुविधेत आयडी किंवा खातं टाकूनही तपासता येतं. तुमच्या ग्रुपची २४,९९९ ची फी साध्या मोबाइल नंबरच्या यूपीआयवर मागत असतील, तर उत्तर मिळालंच. नोंदणी खरी निघाली तरी ‘तिप्पट’ची हमी देणं नियमात बसत नाही, आणि विश्लेषकाला तुमचे पैसे स्वतःकडे घेऊन फिरवायचा अधिकार नसतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तुमचं म्हणणं असं, की तंत्रज्ञान कळतं, भांडण कळतं, मग शेअरही कळायला हवा. हा समज चुकीचा का, हे समजायला एससीओचं प्रकरण शांतपणे बघा. ओपन सोर्सवरच्या भांडणात शेअरचं काय होतं, याचं इतकं पूर्ण उदाहरण दुसरं नाही.

एससीओ ग्रुप ही अमेरिकेतल्या युटा राज्यातली कंपनी. आधीचं नाव कॅल्डेरा, आणि ती स्वतः लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम विकायची. मार्च २००३ मध्ये तिने आयबीएमवर दावा लावला, की आमच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं ज्ञान आणि कोड तुम्ही लिनक्समध्ये घातला, त्याचे १०० कोटी डॉलर द्या. पुढे मागणी ३०० कोटींवर आणि मग ५०० कोटींवर गेली. मे महिन्यात तिने सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं धाडली, की लिनक्स वापरलंत तर तुमच्यावरही जबाबदारी येऊ शकते. मग लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचं लायसन्स काढलं. दाव्याआधी शेअर तीन डॉलरच्या आत होता. ऑक्टोबर २००३ मध्ये तो वीसच्या वर गेला. त्याच महिन्यात एका मोठ्या बँकेच्या विश्लेषकाने ४५ डॉलरचं लक्ष्य दिलं.

मधल्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली, ती तुमच्यासारख्या माणसाने लक्ष देऊन बघावी. लास व्हेगासच्या संमेलनात कंपनीने पुरावा म्हणून कोडच्या स्लाइड दाखवल्या. कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यातल्या काही ओळी ग्रीक अक्षरांच्या फाँटमध्ये ठेवल्या होत्या. फाँट बदलला की मजकूर सरळ वाचता यायचा. स्लाइडचे फोटो बाहेर आले आणि काही दिवसांतच जाणकारांनी दोन्ही तुकड्यांचं मूळ शोधलं. एक होता मेमरी वाटपाचा, सत्तरच्या दशकातल्या युनिक्समधला, आणि तो जुना युनिक्स याच कंपनीने २००२ मध्ये, कॅल्डेरा असताना, मोकळ्या लायसन्सखाली सोडला होता. दुसरा बर्कलेच्या पॅकेट फिल्टरचा, ज्यावर तिची मालकीच नव्हती. म्हणजे ज्याला कोड वाचता येत होता त्याला ऑगस्टमध्येच कळलं होतं, की दाखवलेल्या पुराव्यात काही नाही.

पण शेअर त्यानंतरही चढत राहिला. कोड वाचून ज्यांनी तेव्हा शॉर्ट केलं असेल, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने उसने शेअर विकले असतील, त्यांचं तंत्रज्ञानाबद्दलचं मत शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरी पुढच्या दोन महिन्यांत मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडची तारण रक्कम, भरता भरता त्यांच्या नाकी नऊ आले असणार. तुमच्या टिपांच्या बाबतीत मला हीच भीती आहे. निकाल काय लागणार हे एक, आणि तो लागेपर्यंत भाव कुठे भटकणार हे दुसरं. दुसरं कळायला डेटाबेसचं ज्ञान कामाला येत नाही.

तो निकाल किती वर्षांनी आला बघा. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट मुळात एससीओकडे नाहीत, नोव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे आहेत. शेअर एका दिवसात कोसळला. सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१० मध्ये ज्युरीनेही नोव्हेलच्याच बाजूने सांगितलं. आयबीएमबरोबरचं उरलेलं प्रकरण २०२१ मध्ये तडजोडीने मिटलं. रक्कम १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर, आणि ती दिवाळखोरीच्या विश्वस्तांकडे गेली. मागणी होती ५०० कोटींची. गूगल आणि ओरॅकल यांच्यातला जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या कोडवरचा दावासुद्धा ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूने संपवला. ‘पंधरा दिवसांत निकाल’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या न्यायालयात, कुठल्या अर्जावर? सुनावणी, अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांतला फरक त्याला सांगता येतो का, ते बघा.

एससीओच्या बाबतीत सामान्य गुंतवणूकदाराला उपयोगी पडली असती अशी माहिती कोर्टाच्या कागदांत नव्हती, कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात होती. ऑक्टोबर २००३ ला संपलेल्या वर्षात लायसन्समधून सुमारे २ कोटी ५८ लाख डॉलर आले, आणि ते जवळजवळ सगळे दोनच कंपन्यांकडून : सन आणि मायक्रोसॉफ्ट. ज्या दीड हजार कंपन्यांना घाबरवलं होतं त्या पैसे भरत नव्हत्या. पुढच्या वर्षी तीच जमा १० लाख डॉलरच्याही आत आली. म्हणून बातमी कितीही मोठी असो, पैसे कोण भरतंय आणि दुसऱ्या वर्षी तोच पुन्हा भरणार का, हे आधी बघायचं.

आता आजच्या लायसन्सच्या भांडणांबद्दल. इथे तुमचं ज्ञान खरोखर उपयोगी आहे, फक्त टिपा देणारे विचारतात त्या प्रश्नासाठी नाही. ‘लायसन्स आवळलं, शेअर घ्या’ हे सूत्र दोन कंपन्यांवर लावून बघा.

डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये जुनं लायसन्स सोडून एसएसपीएल हे जास्त आवळलेलं लायसन्स आणलं. ओपन सोर्सच्या मंडळींना ते पटलं नाही आणि रेड हॅट, डेबियनसारख्यांनी ते आपल्या वितरणातून काढलं. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने मोंगोशी जुळणारी डॉक्युमेंटडीबी सेवा आणली आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडला. तेव्हा भाव शंभर डॉलरच्या आत होता. २०२१ च्या शेवटी तो पाचशेच्या वर होता. २०२२ मध्ये दोनशेच्या खाली आला, आणि तेव्हा लायसन्सची काही बातमी नव्हती; व्याजदर वाढत होते आणि सगळेच महागडे सॉफ्टवेअर शेअर पडत होते.

हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मसकट आपली उत्पादनं एमपीएल या मोकळ्या लायसन्सवरून बीएसएल या आवळलेल्या लायसन्सवर नेली. महिन्याभरात टेराफॉर्मचा फोर्क, म्हणजे जुन्या मोकळ्या कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, उभा राहिला आणि ओपनटोफू नावाने लिनक्स फाउंडेशनखाली गेला. डिसेंबर २०२१ मध्ये हॅशिकॉर्पचा शेअर ८० डॉलरला लोकांना विकला होता. एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमने ३५ डॉलर दराने, एकूण ६४० कोटी डॉलरना कंपनी घ्यायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यवहार पुरा झाला. आयबीएमच्या घोषणेआधीच्या वर्षभरात जुन्या ग्राहकांकडून, वर्षापूर्वीच्या तुलनेत, होणाऱ्या जमेचं प्रमाण १३० टक्क्यांच्या वरून ११५ पर्यंत आलं होतं. म्हणजे जुने ग्राहक पूर्वीसारखा खर्च वाढवत नव्हते.

चाल दोघांची सारखीच, मग गत वेगळी का झाली? कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. रेडिसवरून व्हॅल्कीवर जाताना तुम्ही अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये किती ओळी बदलल्या? बहुधा जवळपास शून्य. प्रोटोकॉल तोच, क्लायंट लायब्ररी त्याच, डेटाची फाइलही चालते, कारण मूळ कोडच तो आहे. टेराफॉर्म ते ओपनटोफू सुरुवातीला तसंच होतं. स्टेट फाइल तीच, बायनरी बदलली की काम सुरू. मोंगोवरून डॉक्युमेंटडीबीवर जाणं मात्र वेगळं प्रकरण. ती दुसऱ्यांनी नव्याने लिहिलेली, वरून सारखी दिसणारी वस्तू आहे. साधे क्वेरी चालतात आणि एखादी अ‍ॅग्रिगेशनची पायरी किंवा इंडेक्सचा प्रकार नेमका अडतो, मग चाचण्यांत महिने जातात. ग्राहकाला निघून जाणं जिथे स्वस्त आहे तिथे लायसन्स आवळून जमा वाढवणं कठीण. हे मोजायला तुम्हाला टेलिग्राम ग्रुपची गरज नाही, तुमची स्वतःची मायग्रेशनची टिपणं पुरेशी आहेत.

मग पुढची पायरी कागदांची. अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल, टेन-के, तिथल्या नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सगळा वाचू नका. ‘आयटम १ए’मध्ये जोखमी असतात, तिथे लायसन्स, फोर्क आणि क्लाउड कंपन्यांबद्दल गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या मजकुरात काय बदललं ते तुम्ही दोन फाइल्सचा डिफ काढता तसं काढा. ‘आयटम ३’मध्ये चालू खटले. मग जमा कुठून येते याची फोड : स्वतःच्या क्लाउड सेवेतून किती, लायसन्स विकून किती. मोंगोडीबीची जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षातली सत्तर टक्क्यांच्या आसपास जमा अ‍ॅटलस या तिच्या क्लाउड सेवेतून होती. तिथे लायसन्सच्या वादाचं वजन आपोआप कमी होतं. जुन्या ग्राहकांकडची जमा टिकण्याचं प्रमाण बघा. आणि कर्मचाऱ्यांना शेअर वाटल्यामुळे एकूण शेअर्सची संख्या दरवर्षी किती वाढते तेही बघा. सॉफ्टवेअर कंपन्यांत हा खर्च मोठा असतो आणि टिपेत त्याचा उल्लेख कधीच नसतो.

एवढं करूनही ‘हे सगळं भावात आधीच धरलं आहे का?’ हा प्रश्न उरतोच. त्याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून तर मुलीच्या फीचे पैसे इथे नकोत.

एक जाता जाता. रेडिस ही खाजगी कंपनी आहे, तिचा शेअर बाजारात मिळतच नाही. व्हॅल्की लिनक्स फाउंडेशनखालचा प्रकल्प आहे, त्याला शेअरच नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवरून २०२४ मध्ये झालेल्या भांडणातल्या ऑटोमॅटिक आणि डब्ल्यूपी इंजिन या दोन्ही कंपन्याही बाजारात नाहीत. ‘रेडिसचा शेअर घ्या’ अशी टीप आली, तर सांगणारा काय विकतोय हे नीट बघा. आणि ग्रुप ऑप्शन्सकडे, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या करारांकडे, वळला की बाहेर पडा. एलआरएसमधून परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन भरायला पैसे पाठवायची परवानगीच नाही. आपल्याकडच्या वायदे बाजाराचा हिशेब सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला आहे : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त.

क्लायंटबद्दल मी कडक भाषेत लिहितो, कारण तुम्ही तो प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारला आहे. जाहीर न झालेली आणि जाहीर झाल्यावर भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती ज्याच्याकडे आहे, तो सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार इनसाइडर ठरतो. तुम्ही त्या कंपनीचे नोकर नसलात तरी त्यांच्या कामाच्या करारातून तुम्हाला हे कळलं आहे. ‘सॉफ्टवेअरची बचत ती केवढी, त्याने भाव काय हलणार’ हे ठरवणारे तुम्ही नाही. त्या शेअरमध्ये खरेदी नको, विक्री नको, बायकोच्या किंवा मेव्हण्यांच्या नावाने तर अजिबात नको. आणि मेव्हण्यांना ही माहिती नुसती सांगणं हाही गुन्हाच आहे, त्यांनी काही घेतलं नाही तरी. दंड कमीत कमी १० लाख, वरची मर्यादा २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. खटला झाला तर तुरुंगवासही आहे. त्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आधीपासून असतील, तर तुमच्या कंपनीच्या कंप्लायन्स अधिकाऱ्याला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी विचारू नका.

तरीही या क्षेत्रात स्वतःचा अभ्यास पैशाने तपासून बघायची इच्छा असेल, तर ती मी मोडणार नाही. ती तुमच्या पगारातून होऊ द्या. महिना पाच हजार बाजूला टाका, पण दर महिन्याला पाठवू नका. बँकेचं परदेशी पाठवणीचं ठरावीक शुल्क एवढ्या लहान रकमेला फार जड जातं. सहा महिन्यांनी तीस हजार एकदम पाठवा. खातं उघडताना डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून घेतात, त्याने लाभांशावरची अमेरिकेतली कपात २५ टक्क्यांवर येते. टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते त्या कराची, चिंता नको, तो वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबने.

लोक अडकतात ते विवरणपत्रात. एक शेअर जरी परदेशात असला तरी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो, आणि त्यात परदेशी मालमत्तेचं ‘शेड्यूल एफए’ भरावं लागतं. त्यातली माहिती आर्थिक वर्षाची नसते, जानेवारी ते डिसेंबरची असते. काही विकलं नाही, नफा झाला नाही, तरी भरायचं. आणि घेण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहा : ग्राहकाला सोडून जाणं स्वस्त की महाग, जमेची फोड काय, कुठला आकडा बिघडला तर विकणार, आणि किती महिने थांबणार. भाव पडल्यावर माणूस आपलंच आधीचं कारण बदलून सांगतो, लिहिलेलं असलं की ते बदलता येत नाही.

राहिले आठ लाख. ते दोन वेगवेगळ्या बँकांत चार-चार लाख ठेवा, कारण ठेवीवरचं विम्याचं संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत असतं, शाखा कितीही असोत. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी दोन वर्षांत चाराचे साधारण साडेचार लाख होतात, मर्यादेच्या आत. एका बँकेची मुदत मे महिन्यात संपेल अशी ठेवा, कारण खाजगी विद्यापीठं निकालाच्या आधीच पैसे मागायला लागतात. दुसरीची जुलैच्या सुरुवातीला. सीईटीच्या कॅप फेऱ्यांत जागा लागली की फी भरायला मोजके दिवस मिळतात, तेव्हा पैसे बचत खात्यात आलेले हवेत. आणि चार लाखांची एकच पावती करू नका. एकेक लाखाच्या चार करा, म्हणजे मध्येच लॅपटॉप किंवा क्लासची फी निघाली तर एकच मोडावी लागेल आणि बाकीच्या तिन्हींचं व्याज चालू राहील.